बोळक्या आजीचा हात

मावशीने उजव्या हातात कप धरणं सोडलं, ही गोष्ट घरात कुणाच्या लक्षात आली नव्हती. तिचा नवरा होडीवाला. पाण्यावरचा ढग त्याला दोन कोसांवरून दिसे, पण ताटात काय वाढलंय ते जेवण संपल्यावर कळे. बायको हल्ली डाव्या हाताने चहा पिते, हे त्याला दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

आणि मावशीला तेच हवं होतं. कुणाला दिसू नये.

होड्यांच्या धक्क्यामागे एक अरुंद गल्ली होती आणि त्या गल्लीतल्या बायका जाळी विणत, फाटलेली जाळी सांधत. मावशी त्यांच्यात सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत झपाट्याची. गल्लीतल्या निम्म्या पोरी तिच्याकडेच गाठ मारायला शिकल्या होत्या, म्हणून ती सगळ्यांचीच मावशी झाली होती.

जाळं पाण्यात भिंतीसारखं उभं राहायला हवं असेल, तर वरच्या दोराला हलके, तरंगणारे ठोकळे बांधावे लागतात आणि खालच्या दोराला वजन. वजन म्हणजे वाटाण्याएवढ्या शिशाच्या गोळ्या. प्रत्येक गोळीला मधोमध चीर असते. चिरेत दोर बसवायचा आणि गोळी दाबून बंद करायची. काम एवढंच. पण एका जाळ्याला अशा शेकड्यांनी गोळ्या लागतात, आणि दोन्ही हात तर दोर ओढण्यात आणि गाठी मारण्यात गुंतलेले.

इतर ठिकाणचे लोक त्यासाठी पक्कड वापरत. या गल्लीत पकडीला हसत. इथल्या बायका मूठभर गोळ्या डाव्या गालात भरत, जिभेने एकेक गोळी दाढेवर आणत, दोर तोंडाशी नेत आणि कट्‌ करून चावत. झाली गोळी बंद. हात मोकळेच. मावशी गालात गोळ्या घेऊन विणायला बसली, की लांबून कुणाला वाटावं बाई नुसती हसतेय, एवढा तिचा गाल फुगलेला असे.

पोरींना हे शिकवण्याचीही एक रीत होती. आधी गालात सुके वाटाणे धरायचे, न गिळता आणि न बोलता. ज्या पोरीने वाटाणा गिळला ती पुन्हा पहिलीत. ज्या पोरीचे वाटाणे दुपारपर्यंत शाबूत राहिले, तिला पहिली शिशाची गोळी मिळे. ती जराशी गोडसर लागते, हे प्रत्येक पोर घरी येऊन आईला नव्यानेच सांगे, आणि आई म्हणे, हो गं, मला माहीत आहे.

तर मावशीचा हात. दुखत काहीच नव्हतं. दुखत असता तर तिला बरं वाटलं असतं, शेकलं असतं, तेल चोळलं असतं. हात फक्त मनगटातून वर उचलला जात नव्हता. पुढे केला की पंजा खाली लोंबे, दोरीवर वाळत घातलेल्या रुमालासारखा. मूठ आवळता येई, पण दार ढकलायला हात उभा करावा म्हटलं तर जमत नसे. त्याआधी वर्षभर पोटात मधूनच पीळ पडे, पोट साफ होत नसे, जिना चढताना धाप लागे. ते सगळं तिने वयाच्या नावावर टाकलं होतं. हात मात्र वयाच्या नावावर टाकता येईना, कारण तो कुणाच्या नावावर टाकायचा ते तिला पक्कं ठाऊक होतं.

तिच्या आईचा उजवा हात असाच पडला होता, साधारण याच वयात. आईच्या आईचाही पडला होता म्हणे. गल्लीत हे सर्वांना माहीत होतं. एखाद्या घराचं छप्पर गळतं हे शेजाऱ्यांना माहीत असावं, तसं. कुणी टोचून बोलत नसे. त्या घरच्या बायकांचे हात पडतात, एवढंच.

गल्लीच्या तोंडाशी दवाखाना होता, तिथे मावशी एकदा गुपचूप जाऊन आली. तिथल्या डॉक्टरांनी मनगट हलवून पाहिलं आणि विचारलं, घरात आधी कुणाला असं झालं होतं का. मावशीने आईचं सांगितलं, आजीचं सांगितलं. डॉक्टर सज्जन माणूस, त्यांनी मान हलवली. हे घराण्यातून आलेलं दिसतंय म्हणाले, शक्तीच्या गोळ्या दिल्या, मोठ्या इस्पितळात दाखवा म्हणून सांगितलं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. उत्तर मावशीने स्वतःच त्यांच्या हातात ठेवलं होतं. जाळी विणते हेही तिने सांगितलं होतं. पण जाळी माणूस हाताने विणतो, तोंडाने काय करतो हे कोण विचारणार.

मोठ्या इस्पितळात ती गेली नाही. घराण्यातलं आहे म्हटल्यावर तिथे जाऊन काय करायचं होतं? आणि तिची खरी काळजी स्वतःच्या हाताची नव्हतीच.

तिला एकच लेक. ती लहान असताना आजीच्या हाताकडे टक लावून बघे. आजीच्या हातातून पेला निसटला, की ती मावशीला चिकटून विचारे, "आई, माझाही पडेल?"

"नाही गं."

असं कितीदा विचारलं आणि कितीदा सांगितलं, त्याला हिशेब नाही. मावशीला स्वतःला काहीच माहीत नव्हतं, पण रात्री झोपताना पोरीला दुसरं काय सांगणार? लेक मोठी झाली, शहरात चष्म्याच्या दुकानात कामाला लागली, तिचं लग्न झालं. जावई चांगला, हसरा. पण मूल म्हटलं की लेक विषय बदले. एकदा फार मागे लागल्यावर ती इतकंच म्हणाली होती, माझ्या हातातून ते पडलं तर? मावशी त्यानंतर कधी मागे लागली नाही.

आणि आता लेकीला दिवस गेले होते. फोनवर ती हसत होती, रडत होती, दोन्ही एकदमच. चार दिवस राहायला येते म्हणाली. मावशीने फोन ठेवला, लोंबत्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि मनाशी ठरवलं की ते चार दिवस हा हात एप्रनच्या खिशातून बाहेर काढायचा नाही.

ती यायच्या आदल्या दिवशी मावशीची दाढ तडकली.

गोळी चावताना कट्‌ असा आवाज व्हायचा तो कटाक्‌ असा झाला, आणि डोळ्यांपुढे तारे चमकले. बेकरीच्या वरच्या मजल्यावर दातांची एक नवी डॉक्टरीण आली होती. वयाने लेकीएवढीच. मावशी गाल धरून जिना चढली. खालून पावाचा वास येत होता आणि वर औषधाचा, आणि मावशीला दोन्ही नको झाले होते.

डॉक्टरणीने खुर्ची मागे कलवली, दिवा ओढला, छोटा आरसा तोंडात घातला आणि दाढ बघता बघता मध्येच थांबली. आरसा हिरडीवरून हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. मग पुन्हा उलटा आला.

"मावशी, या बाजूच्या गालात काय ठेवता तुम्ही? तंबाखू?"

"तोंड सांभाळून बोल, पोरी."

"तुमचंच सांभाळतेय. माझ्या तोंडाचं नंतर बघू. काय ठेवता?"

मावशीने एप्रनच्या डाव्या खिशातून दोन गोळ्या काढल्या, एक गालात टाकली, जिभेने दाढेवर आणली आणि नुसतीच दाखवली. आपल्या कामाची कुणी चौकशी केली की तिला बरं वाटे. पण डॉक्टरणीने तिच्या हनुवटीखाली हात धरला, लहान मुलासमोर धरतात तसा.

"थुंका."

"अगं, दाखवतेय तुला."

"दिसलं मला. थुंका आधी."

गोळी स्टीलच्या तबकात टण्‌ करून पडली. दुसरीही त्या पोरीने काढून घेतली. मग तिने मावशीच्या हातात मोठा आरसा दिला आणि ओठ खाली ओढून दाखवलं. हिरडीला, दातांच्या अगदी कडेने, एक निळसर काळी रेघ होती. पेन्सिलीने ओढल्यासारखी. डाव्या बाजूला ठळक, उजवीकडे पुसट. मावशी रोज आरशासमोर केस विंचरे, पण स्वतःच्या हिरड्या कोण बघतं?

"पोटात पीळ पडतो?"

"पडतो."

"पोट साफ होत नाही. दम लागतो."

मावशीला वाटलं, ही दातांची डॉक्टरीण आहे की ज्योतिषी.

"आता दोन्ही हात पुढे करा बघू. सरळ."

मावशीचा उजवा हात एप्रनखाली होता. तो तिथेच राहिला. डॉक्टरीण घाई न करता थांबली. खाली बेकरीवाला कुणाला तरी ओरडत होता, त्याचं बोलणं संपलं. शेवटी मावशीने दोन्ही हात पुढे केले. डावा सरळ राहिला. उजवा मनगटातून खाली लोंबला.

डॉक्टरणीला आश्चर्य वाटलं नाही. याचंच मावशीला आश्चर्य वाटलं.

"हे आमच्या घराण्यातलं आहे," मावशी पटकन म्हणाली. "आईला होतं. आजीला होतं."

"आणि गोळ्या? आईच्या गालात गोळ्या होत्या?"

"आमच्याकडे सगळ्यांच्याच असतात."

"मग मावशी, घराण्यात काय आलंय ते आपण जरा नीट बघू या. रक्त आलंय की गोळ्या आल्यात."

मग त्या पोरीने स्टूल जवळ ओढलं आणि समजावून सांगितलं. ते इतकं सोपं करून सांगितलं, की मावशीने पुढे गल्लीतल्या पोरींना तेच शब्द वापरून शिकवलं. शरीर फार भोळं असतं, ती म्हणाली. शिसं आत आलं की त्याला वाटतं कॅल्शियम आलं. ते मोठ्या कौतुकाने शिसं घेतं आणि हाडांत नेऊन साठवतं. थोडं रक्तात फिरत राहतं. रक्त कमी करतं, आतडी आखडवतं, आणि हात उचलणाऱ्या नसांना ते अगदी चालत नाही. तोंडात धरलेल्या गोळीवरची पावडर थुंकीत मिसळते आणि आपण ती दिवसभर गिळत राहतो. कळत नाही, कारण ती कडू लागत नाही.

"गोड लागते," मावशी म्हणाली.

"तेच तर."

ती पुढे म्हणाली की नुसत्या रेघेवरून आणि हातावरून मी काही छातीठोकपणे सांगणार नाही, रक्त तपासायला हवं. तुमच्या आईचं तर मला अजिबात सांगता येणार नाही, मी त्यांना पाहिलेलं नाही. पण शिशाने पडलेला हात बहुतेक वेळा परत येतो, शिसं थांबवलं तर. दाढेचं आपण नंतर बघू, तूर्त तात्पुरतं भरून देते.

मावशी जिना उतरली तेव्हा तिला दाढेची आठवणही नव्हती. बहुतेक वेळा परत येतो. पण तिने ते मनात फार आत जाऊ दिलं नाही. इतकी वर्षं तिथे दुसरंच काहीतरी बसलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी लेक आली. मावशीने बसथांब्यावर डावा हात हलवला, पिशवी डाव्या हाताने घेतली, दाराची कडी डाव्या हाताने काढली. लेकीने चपला काढल्या आणि उंबऱ्यावरच उभी राहिली.

"आई, तो हात दाखव."

"आधी पाणी तरी पी."

"दाखव."

मावशीने दाखवला. लेक खुर्चीवर बसली आणि तिने आपला उजवा हात मांडीवर ठेवून त्याच्यावर डावा हात झाकला, कुणी काढून नेईल अशा भीतीने झाकावा तसा. ठरवलेलं सगळं विसरून मावशीने लेकीसमोर बैठक मारली आणि दाढेपासून रेघेपर्यंत सगळं सांगून टाकलं. डॉक्टरीण काय म्हणाली, शरीर कसं भोळं, रक्त की गोळ्या. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की लेक ऐकत नाहीये, छताकडे बघत काहीतरी आठवतेय.

"आई, आजी माझी वेणी घालायची ना?"

"हो. फार घट्ट घालायची. तू रडायचीस."

"कधी? मी केवढी होते?"

मावशीने विचार केला. लेक शाळेत जाऊ लागली तेव्हा आजीचा हात पडलेलाच होता. पेले निसटायचे ते त्याच वर्षांत. मग पोर मोठ्या शाळेत गेली, आणि तेव्हा आजी सकाळी तिला दोन पायांत धरून वेणी घाले, तीन पेडांची, वर रिबिनीचं फूल बांधून. दोन्ही हातांनी. एका हाताने वेणी घालता येत नाही.

"परत आला होता हात," मावशी हळूच म्हणाली. "खरंच की. शेवटी शेवटी आला होता. मीच विसरले. पडला तेवढाच लक्षात राहिला."

"का आला परत?"

होडीवाला दारात बसून दोर गुंडाळत होता. आजवर या विषयात त्याने कधी तोंड घातलं नव्हतं. तो मान वर न करता म्हणाला, "म्हातारी म्हणायचीच की. देवानं दात नेले आणि हात परत दिला."

दोघी वळून त्याच्याकडे बघू लागल्या.

गल्लीतली पोरं मावशीच्या आईला बोळकी आजी म्हणत. एकामागून एक दात गेले, आणि बोळक्या तोंडाने गोळी चावता येईना म्हणून म्हातारीने जाळी सोडली. घरी बसली. वर्ष दोन वर्षांत हात हलू लागला. शेजारणी म्हणाल्या देव पावला, म्हातारीही तेच म्हणाली, आणि गोष्ट तिथेच संपली. दात आणि हात ही दोन्ही त्याच घरात, त्याच माणसाच्या अंगावर होती, पण त्यांना कुणी शेजारी शेजारी ठेवून पाहिलं नव्हतं.

आधी मावशी हसली. मग लेक. मावशीला हसता हसता डोळे पुसायचे होते आणि उजवा हात वर येईना, त्याचंही दोघींना हसू आलं. होडीवाल्याने दोर खाली ठेवला आणि विचारलं की आपण काय चुकीचं बोललो.

पण लेकीचं हसू मध्येच थांबलं.

"आई, मीही धरायचे गोळ्या. चांगली पाच सहा वर्षं. लग्न होईपर्यंत सुट्टीच्या दिवशी बसायचे तुझ्याजवळ."

मावशीला ते माहीत होतं. रात्रभर तिला तेच डाचत होतं, कारण डॉक्टरणीने आणखीही एक गोष्ट सांगितली होती. मावशीने विचारलं होतं म्हणून. पोटात बाळ वाढताना त्याला कॅल्शियम लागतं, मग आई आपल्या हाडांतून ते काढून देते. आणि हाडांत जर जुनं शिसं असेल, तर तेही त्याबरोबर बाहेर येतं. बाळ आणि आई यांच्यामध्ये त्याला अडवणारं दार नसतं. हे लेकीपासून लपवावं असं मावशीला फार वाटलं होतं. पण आयुष्यभर न माहीत असताना नाही म्हणून झालं होतं, आता माहीत असताना गप्प बसणं तिच्याने होईना. तिने सांगितलं.

त्या दोघी दुसऱ्या दिवशी सकाळीच मोठ्या इस्पितळात गेल्या. डॉक्टरणीने चिठ्ठी दिली होती. दोघींचं रक्त घेतलं. सुई टोचणाऱ्या परिचारिकेने विचारलं, आई आधी की लेक आधी, तर दोघीही एकदमच म्हणाल्या, तिचं आधी. परिचारिकेने हसून लेकीचं घेतलं.

निकाल यायला आठवडा लागला. लेकीने दुकानातून रजा वाढवून घेतली. त्या आठवड्यात दोघींनी घर घासून काढलं. होडीवाला जुन्या पाइपांचं शिसं स्वयंपाकघरातल्या चुलीवर वितळवून गोळ्या ओतत असे, त्याची लोखंडी पळी मावशीने आधी पेपरात, मग पिशवीत गुंडाळली आणि दाराबाहेर ठेवली. तो चिडला. इतकी वर्षं ओततोय, मला काय झालं, म्हणाला.

"तुम्हाला काय झालंय ते तुम्हाला कळणार आहे होय? ताटात काय वाढलंय ते कळत नाही."

त्याचंही रक्त तपासायचं ठरलं. कोरड्या झाडूने धूळ उडवू नका असं डॉक्टरणीने बजावलं होतं, म्हणून ओल्या फडक्याने जमीन पुसून पुसून लेकीची बोटं सुरकुतली. जेवणाआधी हात साबणाने, नखांत ब्रश घालून. रोज दूध, रोज पालेभाजी. दोघी दिवसभर कामात असत, आणि दोघींनाही माहीत होतं की आपण काम कशाला करतोय.

संध्याकाळी मात्र लेक ओट्यावर बसून पोटावर हात ठेवी आणि मावशी शेजारी बसे. एकदा लेक म्हणाली, ती गोड लागायची ना गं. मावशी म्हणाली, हो.

निकालाच्या दिवशी इस्पितळातले डॉक्टर चष्मा पुसत बसले होते. लेकीने सवयीने पाहिलं, भिंगावर ओरखडा होता. डॉक्टरांनी आधी मावशीचा कागद काढला आणि भुवया उंचावल्या. फार आहे, म्हणाले, फारच. दाखल व्हावं लागेल, शिसं धरून लघवीवाटे बाहेर काढणारं औषध द्यावं लागेल. मनगटाला आधाराची पट्टी, व्यायाम. हात येईल, पण वेळ घेईल, आणि अगदी पहिल्यासारखा येईल असं वचन मी देत नाही.

"ते असू द्या," मावशी म्हणाली. "हिचं सांगा."

डॉक्टरांनी दुसरा कागद उलटा ठेवला होता. तो सुलटा केला.

"हिचं कमी आहे."

"कमी म्हणजे?"

"कमी म्हणजे कमी. अगदी नाही असं नाही. थोडं असूच नये असं मी म्हणेन, पण थोडं आजकाल सगळ्यांच्यातच सापडतं. इतक्या वर्षांत तिने गोळी धरलेली नाही. दूध घ्या, लोहाच्या गोळ्या चुकवू नका, मधून मधून पुन्हा तपासू. आत्ता मला काळजीचं काही दिसत नाही."

लेकीने मावशीचा हात धरला. पडका हात, उजवा. मावशीला तो उचलता येत नव्हता, पण मूठ आवळता येत होती, आणि तिने ती अशी आवळली की लेक "आई, लागतंय" म्हणाली.

बाहेरच्या बाकावर बसल्यावर मावशीला एकदम भूक लागली. कित्येक महिन्यांत लागली नव्हती अशी. दोघींनी उपाहारगृहात जाऊन पोटभर खाल्लं, आणि लेकीने जावयाला फोन केला. तो पलीकडे काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण लेक बराच वेळ नुसती हो, हो म्हणत मान डोलावत होती, जणू त्याला ती दिसत होती.

मावशी इस्पितळातून परत आली तेव्हा मनगटाला पट्टी होती आणि खिशात पक्कड. गल्ली हसली. मावशी आणि पकडीने? आधी तर एका जाळ्याला तिला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागे, आणि ती पकडीला अशा शिव्या देई की शेजारणी दारं लावून घेत. पण ती मागे हटली नाही. दुपारी वाटाणे गालात धरून बसलेल्या पोरींना तिने समोर बसवलं आणि शरीर कसं भोळं असतं ते सांगितलं. वाटाणे काढा, म्हणाली, शिजवा आणि खा. पोरींना वाटलं मावशीने सगळ्यांनाच एकदम नापास केलं. एक तर रडायलाच लागली, तिची पहिली गोळी उद्याच मिळायची होती.

समोरची काकू मात्र बरेच दिवस ऐकेना. आमच्या घरात कुणाचे हात पडत नाहीत, म्हणाली. मावशीने तिच्यासमोर आरसा धरला आणि खालचा ओठ ओढून दाखव म्हणून सांगितलं. काकूने दाखवला. मग काकूने आपणहून पक्कड मागितली. पुढे बेकरीच्या वरची डॉक्टरीण आणि दवाखान्यातले सज्जन डॉक्टर यांनी मिळून गल्लीतल्या बायकापोरींचं रक्त तपासलं. काहींचं वाढलेलं निघालं, दोघींना औषध घ्यावं लागलं. पण हात कुणाचा पडला नव्हता. वेळेत कळलं होतं.

मावशीचा हात हळूहळू येत होता. आधी बोटं उचलली जाऊ लागली, मग मनगट थोडं, मग आणखी थोडं. हिरडीवरची रेघ फिकी होत गेली. एके दिवशी होडीवाल्याने जेवताना मान वर केली आणि विचारलं, तू उजव्या हाताने जेवतेस होय? मावशीला वाटलं, चला, यालाही काहीतरी बाधा होती ती उतरली.

लेकीला मुलगी झाली. मधल्या सगळ्या तपासण्या ठीक आल्या होत्या, बाळाचीही आली. मावशी शहरात गेली तेव्हा लेक खिडकीपाशी बसली होती, मांडीवर गाठोडं, आणि त्यात एक लालसर चेहरा तोंड वासून जांभई देत होता. आत एकही दात नाही.

"बघ," लेक म्हणाली, "बोळकी आजी आली."

मावशी हसली, पण पुढे झाली नाही.

"घे ना."

"पट्टी बांधून घेते आधी. पिशवीत आहे."

"पट्टी नको."

"अगं, अजून पुरता आला नाही हात."

"आई." लेक तिच्याकडे बघत होती, आणि मावशीला त्या नजरेत ती लहानगी पोर दिसली, पेला निसटल्यावर येऊन चिकटणारी. पण लेकीच्या ओठांवर हसू होतं. "आई, माझाही पडेल?"

"नाही," मावशी म्हणाली. आवाज किंचित चढला. "नाही पडणार. मला माहीत आहे."

मग ती हात धुवायला गेली. साबण लावला, नखांत ब्रश फिरवला, दोन्ही हात नळाखाली धरले आणि बोटं वर करून उभी राहिली, पाणी निथळण्यासाठी. मागच्या वर्षी असे हात धरले होते तेव्हा उजव्या हाताचं पाणी खाली लोंबलेल्या बोटांवरून जमिनीवर ठिबकलं होतं. आता ते तळव्यावरून मनगटाकडे आणि मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत गेलं, बाहीत शिरलं, बाही भिजली. मावशी ते बघत तशीच उभी राहिली, बाहेरून लेकीने हाक मारेपर्यंत.

तिने हात पुसले आणि बाहेर आली.

"दे," म्हणाली, आणि उजवा हात बाळाच्या मानेखाली घातला.